लहान मुलांना हाताने करून शिकू देणे खरोखर गरजेचे आहे का?

चार वर्षांच्या मुलाला चित्रे दाखवून शिकवले तर पुरेसे नाही का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते नाही. उंच, अरुंद पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले की या वयाच्या बहुतेक मुलांना ते कमी झाल्यासारखे वाटते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले होते; ‘तेवढेच आहे’ असे सांगून ते त्यांना पटत नाही, मात्र स्वतः पुन्हापुन्हा ओतून पाहताना विचाराला चालना मिळते.

साधनही नीट निवडावे लागते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँतेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीतील एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारी दहा दंडगोले असतात. एखादे दंडगोल मोठ्या खाचेत गेले, तर शेवटी एक उरते आणि चूक मोठ्यांनी न सांगताच मुलाच्या लक्षात येते. छापील चित्रात रंग भरणे (ज्याला अनेक ठिकाणी ‘कृती’ म्हणतात) मला हाताने करून शिकण्यात मोडत नाही असे वाटते.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बियांसारख्या गिळता येण्याजोग्या वस्तू देऊ नयेत, आणि पाण्याशी खेळताना मोठ्यांनी जवळच बसावे.