किल्ली ज्याच्याकडे असते

मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, सेवेबद्दल आलेल्या या वेळच्या पत्रांतली चार इथे घेतो. नावं ज्याची त्याच्यापाशी राहू देत.

प्रश्न : मी विक्रोळीला राहतो, सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. नऊ वर्षं दर रविवारी लवकर येऊन हॉल झाडतो, खुर्च्या मांडतो, माइक लावतो. उपदेश करता येत नाही, चारचौघांत मोठ्याने प्रार्थनाही जमत नाही. यंदा पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत पडलो. मंडळीत माझ्या हातून पुढारपण होणारच नाही का?

भाऊ, बायबलच्या नव्या करारात सेवकासाठी येणारा ग्रीक शब्द आहे दियाकोनोस. लोक जेवायला बसले की जो वाढायला उभा राहतो, त्याच्यासाठी हा शब्द वापरत. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात पौल फिबी या भगिनीची ओळख करून देतो ती याच शब्दाने.

प्रेषितांच्या कृत्यांचा 6 वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, म्हणून कुरकुर सुरू झाली. त्यावर सात माणसं निवडली गेली, तीही पंगतीच्या कामासाठी. पण अट पाहा : लोकांत नाव चांगलं हवं, माणूस आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण हवा. प्रेषितांनी (येशूच्या पहिल्या शिष्यांनी) प्रार्थना केली आणि त्या सातांवर हात ठेवून त्यांना सेवेला नेमलं. भाकरी वाटणाऱ्यांवर! मी हा भाग कितीदा वाचला असेल, तरी तिथे आलो की थांबतोच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा आमच्या मंडळीत वडील (कारभारात भाग घेणारा ज्येष्ठ सभासद) होतो आणि त्या रात्री रुळांवरून घरी निघालेल्या गर्दीत चालत होतो. पाळकसाहेब (पास्टर) गावी अडकलेले, कमिटीतलं कुणी पोचू शकत नव्हतं. हॉलची किल्ली आमच्या एका भावाकडे असायची. त्याने कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. दार उघडलं, सतरंज्या टाकल्या, स्टोव्ह पेटवला आणि दूध नव्हतं म्हणून पहाटेपर्यंत कोरा चहा वाटत राहिला. भिजून आलेला माणूस कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारलं नाही. त्या रात्री मंडळीचा पुढारी कोण होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

निवडणुकीत पडल्याचं वाईट वाटणारच. ते प्रभूपुढे तसंच्या तसं मांडा, लपवू नका. आणि एक करा. खुर्च्या तुम्ही मांडता, त्यामुळे कुठली रिकामी राहिली ते सगळ्यांत आधी तुम्हाला कळतं. नेहमी खिडकीजवळ बसणाऱ्या आजी दोन रविवार आल्या नाहीत, तर ड्यूटी संपल्यावर त्यांच्या घरी जाऊन या. शब्द सुचत नसतील तर 23 वं स्तोत्र वाचा आणि प्रभूची प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हणा.

प्रश्न : अकरा वर्षं महिला मंडळ मी चालवते. बुधवारची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळचा फराळ, सगळं माझ्यावरच. आता थकले आहे. पण सोडलं तर बंद पडेल. – एक भगिनी, मुलुंड

ताई, तुमचा थकवा खरा आहे आणि कष्टही खरे आहेत. म्हणूनच थोडं कठीण बोलतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद सोडवत बसला होता, तेव्हा त्याचे सासरे इथ्रो त्याला म्हणाले, की असं केलंस तर तू थकशील आणि हे लोकही थकतील (निर्गम 18). लोकही! मोशेला हातभार लावण्याची संधीच त्यांना मिळत नव्हती, रांगेत उभं राहणं तेवढं वाट्याला आलं होतं. तुमच्या मंडळातल्या धाकट्या सुना आज अशाच उभ्या नाहीत ना?

पुढच्या महिन्यातल्या दोन सभा त्यांतल्या दोघींच्या हाती द्या. त्या गीत चुकीच्या सुरात धरतील, वेळ लांबवतील, चहा उशिरा येईल. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि मध्ये उठू नका. हे फराळाच्या शंभर करंज्या करण्यापेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे.

पद सोडलं म्हणजे सेवा सुटली असं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. सेवा थांबवायला नव्हे, तर पगार आणि अधिकार बाजूला ठेवून ती अधिक मोकळेपणाने करता यावी म्हणून.

प्रश्न : आमच्याकडे एक वडील मोठं दान देतात आणि प्रत्येक निर्णय आपल्याच मर्जीने व्हावा म्हणतात. पाळक गप्प बसतात. काय करावं? – भायखळा

आधी त्यांना एकट्याने भेटा. मत्तय 18 मध्ये प्रभूने तोच क्रम घालून दिला आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. भेटीत त्यांच्या दानाबद्दल मनापासून आभार माना, मग श्रीमंताकडे पाहून पक्षपात करू नका असं सांगणारा याकोबाच्या पत्राचा 2 रा अध्याय त्यांच्यासमोर उघडा. पाळकांवर रागावण्याआधी, त्यांच्या बाजूने उभं राहायला कमिटीतलं कुणी तयार आहे का, तेही पाहा. बहुतेकदा पाळक एकटे पडलेले असतात.

प्रश्न : मी बोरिवलीहून लोअर परळला नोकरीला जाते. घरी परतेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. रविवारी उपासनेनंतर थांबायचं त्राण नसतं. मंडळीसाठी काहीच करत नाही, ही टोचणी आहे.

बेटा, रविवारी दुपारी झोप. शिष्य दमून परतले, तेव्हा प्रभूने त्यांना पुढच्या कामाला लावलं नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असं म्हणाला (मार्क 6).

तुझं ऑफिस लोअर परळला आहे आणि जवळच परळला टाटा हॉस्पिटल. 1941 पासून तिथे देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. कित्येकांचे नातेवाईक आसपासच्या धर्मशाळांत, काही फूटपाथवरही दिवस काढतात. गावाकडच्या मंडळ्यांतून आलेली माणसंही त्यांत असतात. असं कुणी आलं आहे का, एवढं तुझ्या पाळकांना विचारून ठेव. महिन्यातून एका संध्याकाळी लवकर निघता आलं तर जाऊन भेट. डबा न्यायचा तर आधी विचार, रुग्णाला पथ्य असतं, बाहेरचं चालत नाही. सोबत आलेल्या माणसाला मात्र गरम पोळी-भाजी हवी असते. कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे न कळून तो सकाळपासून हेलपाटे घालत असतो. त्याचा फॉर्म भरून दे. फोटो काढू नकोस. आणि निघताना त्याच्या घरी फोन लावून दे, गावी त्याची आई वाट पाहत असते.