लाईट गेली की मोडेम सगळं विसरतो!

प्रश्न : दादा, मी चोपड्याला एका कापसाच्या जिनिंगमधे हिशोबाचं बघतो. रोज संध्याकाळी गाठींचा आकडा जळगावच्या ऑफिसला फोनलाईनच्या मोडेमवरून पाठवावा लागतो. आमच्याकडे इंटरकॉम आहे, बाहेरची लाईन घ्यायला आधी शून्य दाबायचं, तर मोडेम डायलटोनच नाही म्हणून अडून बसायचा. एकाने एटीएक्स३ ही मोडेमची कमांड टाकायला सांगितलं, टाकलं की लागतो, पण लाईट गेली की परत तेच रडगाणं. हे सेव्ह कसं करायचं? आणि तो लांबलचक नंबर मोडेममधेच ठेवता येतो का?

उत्तर : येतो ना भाऊ! आधी एक्स३ चं बघू. इंटरकॉमचा टोन वेगळा असतो, मोडेमला तो ओळखू येत नाही, एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नको, सरळ डायल कर. पण नुसतं टाकलेलं चालू मेमरीत राहतं, म्हणून लाईटीसोबत जातं. हायपरटर्मिनल (मोडेमला थेट कमांड द्यायचा प्रोग्राम) उघडा, एटी टाईप करून एंटर मारा, ओके आलं की एटीएक्स३&डब्ल्यू, परत एंटर. (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही अक्षरं इंग्रजीच टाका.) &डब्ल्यू म्हणजे आत्ताची सेटिंग पक्क्या मेमरीत लिही.

नंबरसाठी एटी&झेड०=टी०,,०२५७ आणि त्याला लागूनच ऑफिसचा नंबर. टी नंतरचं शून्य बाहेरच्या लाईनचं, ०२५७ जळगावचा कोड, एकेक स्वल्पविराम साधारण दोन सेकंद थांबतो, तेवढ्यात लाईन मिळते. एक्सचेंज जुनं कटकट वाजणारं असेल तर टी (टोन) च्या जागी पी (पल्स). याला वेगळं &डब्ल्यू लागत नाही, आपोआप पक्कं बसतं. मग रोज फक्त एटीडीएस=० मारायचं, बस्स. बऱ्याच मोडेममधे असे चार नंबर मावतात, ० ते ३.

आता खरी गोम. एवढं करूनही उद्या परत "विसरला" तर मोडेमला शिव्या देऊ नका, तुमचं सॉफ्टवेअर बघा. कितीतरी प्रोग्राम सुरू होतानाच मोडेमला एटी&एफ पाठवतात, म्हणजे कारखान्यातून आला तसा हो, आणि तुमचं एक्स३ बाजूला पडतं. सेव्ह केलेलं पुसलं जात नाही हां, फक्त वापरलं जात नाही. तपासायचं सोपं आहे, मोडेम बंद-चालू करा आणि सॉफ्टवेअर न उघडता एटी&व्ही मारा, सगळी यादी स्क्रीनवर येते, त्यात एक्स३ दिसलं तर चोर सॉफ्टवेअरच. त्याच्या मोडेम सेटिंगमधे एटी&एफ असेल तिथे एटीझेड करा, एटीझेड म्हणजे सेव्ह केलेलं परत उचल. पण एटीझेडच्या पुढे त्याच ओळीत दुसरं काही लिहू नका, बरेच मोडेम ते ऐकतच नाहीत, मी स्वतः यात अख्खी संध्याकाळ घालवलीय, तिकडे घरी भरीत गार झालं ते वेगळंच.

या कमांड १९८१ च्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमच्या घराण्यातल्या, मात्र &झेड, &व्ही सारख्या कंपनीगणिक थोड्या बदलतात. एरर आलं तर सोबतचं पुस्तक उघडा. ते नक्कीच कॅशबॉक्सखाली दाबलेलं असेल.