स्वस्त बायोसेन्सरने आजार लवकर कळतो का?

बायोसेन्सर म्हणजे एन्झाइमसारख्या जैविक घटकाच्या मदतीने रक्तातला एखादा पदार्थ ओळखणारं साधन. त्याने काही आजारांत नक्की कळतो, सगळ्यांत नाही. साखर मोजायची पट्टीच घ्या. तिच्या टोकाशी ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) वाळवून बसवलेलं असतं. रक्ताचा थेंब टेकला की तो आपोआप आत ओढला जातो, एन्झाइम साखरेवर काम करतं, सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात आणि यंत्र तो इवलासा विद्युतप्रवाह मोजून आकडा दाखवतं. क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी १९६२ साली मांडलेल्या एन्झाइम इलेक्ट्रोडच्या कल्पनेतून हे आलं. (बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा फुगतो, म्हणून आधी हात धुऊन कोरडे करा.)

पण साखर रक्तात भरपूर असते, म्हणून ती सापडते. कर्करोगाची खूण सांगणारी प्रथिनं तिच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असतात, आणि रक्तातली इतर प्रथिनं सेन्सरला चिकटून गोंधळ घालतात. खरी अडचण ही आहे, आणि ‘एका थेंबात कर्करोग ओळखा’ अशा बातम्यांत नेमकी हीच गाळलेली असते. मला याची फार चीड येते, कारण लोक आशेने वाचतात.

मलेरियाची झटपट चाचणीची पट्टी रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन शोधते, पण तिलाही मर्यादा आहेत. तिच्यावर कंट्रोलची रेघ (चाचणी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर चाचणी बाद समजा. शिवाय काही परजीवी ती पट्टी शोधते ते प्रथिन बनवतच नाहीत. ताप असेल आणि पट्टी ‘नाही’ म्हणत असेल, तरी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्याच.