शार्कचं 'आयुर्मान' आणि आयुष्याचा मूळ अर्थ

प्रश्न आलाय: 'ग्रीनलंड शार्कचं आयुर्मान 400 वर्षं' हे वाक्य बरोबर आहे का? आयुर्मान, आयुष्य आणि वय यांत फरक काय?

वाक्य चूक आहे, आणि ही चूक आता उठता-बसता कानावर येते. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन कासवाचंही 'आयुर्मान' सांगतात. अहो, ते त्याचं वय! 1882 साली त्याला बेटावर आणलं तेव्हा त्याची पूर्ण वाढ झालेली होती, म्हणून जन्म 1832 च्या सुमाराचा धरतात. आयुर्मानातलं 'मान' पर्जन्यमानातलंच. एका सरीचं पर्जन्यमान कोणी काढत नाही. एका कासवाचं आयुर्मानही निघत नाही. ते पुष्कळांचं मिळून, सरासरीनं निघतं.

शार्कचा आकडाही असाच एकटीचा आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 28 माद्यांच्या डोळ्यांची भिंगं तपासली होती. भिंगाचा गाभा जन्माआधीच घडतो आणि पुढे तसाच राहतो, त्यामुळे त्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं. सर्वांत मोठी मादी, पाच मीटर लांबीची, 392 वर्षांची निघाली. त्यातही 120 वर्षं इकडे किंवा तिकडे. याला आयुर्मान कसं म्हणायचं?

आता 'आयुष्य'मधल्या मूळ संस्कृत 'आयुस्'कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. परंपरेनं तो 'इ' म्हणजे जाणे या धातूपासून काढतात: जातं ते आयुष्य. ऐकायला छान, पण मला हे साफ नामंजूर आहे. ग्रीक 'आयॉन', लॅटिन 'ऐवुम' हे याचे सख्खे भाऊ आणि मुळातला अर्थ जीवनशक्ती. त्याच मुळापासून 'युवन्' आला: ज्याच्यात ती शक्ती भरलेली आहे तो युवा. लॅटिन 'युवेनिस', इंग्रजी 'यंग', फारसीतून आपल्याकडे आलेला 'जवान', सगळे त्याच घरचे. म्हणजे आयुष्य आणि तारुण्य एकाच पोटची भावंडं! 'जाणे' हा अर्थ धरलात तर युवा कुठे बसवणार?

'वय'ही तसाच. वेदात 'वयस्' म्हणजे जोम, बळ, अन्नसुद्धा. वर्षं मोजण्याचा अर्थ नंतरचा. आणि माझं ठाम मत आहे की तो जुना अर्थ मराठीनं 'वयात येणे'मध्ये जपला आहे. मामेभावाचा आवाज फुटला तेव्हा आजी ताक घुसळता घुसळता म्हणाली, "आला गं पोरगा वयात." वय तर त्याला जन्मल्यापासून होतंच, मग तो आला कशात? जोमात! इथे 'वय' म्हणजे विवाहाचं वय, एवढंच सांगून थांबणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. 'आयुष्याची दोरी बळकट' म्हणतानाही आपण दोरीची लांबी बघत नाही, पीळ बघतो.

आणि शार्कची मादी? त्याच अभ्यासाप्रमाणे ती वयात येते सुमारे दीडशेव्या वर्षी.

हां, वाक्य राहिलं. 'ग्रीनलंड शार्क सुमारे 400 वर्षांपर्यंत जगत असावा' असं लिहा. नामच हवं असेल तर 'कमाल आयुष्य' किंवा 'आयुर्मर्यादा', पण 'सुमारे' गाळू नका.