ऑनलाइन रॅलीत डॅमेज ‘रिअलिस्टिक’ ठेवावा की ‘रिड्यूस्ड’?

तुम्ही विचारलंय की मित्रांच्या ग्रुपसाठी ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ या कॉम्प्युटर गेमवर ऑनलाइन स्पर्धा भरवायची आहे, निम्म्या मुलांना रिअलिस्टिक डॅमेज (आपटलं की गाडी खऱ्यासारखी मोडते) हवाय, निम्म्यांना रिड्यूस्ड (कमी मोडते), तर आयोजकाने काय करावं. आम्ही सोलापुरातली काही मंडळी हाच गेम मनापासून खेळतो आणि आमच्यातही यावर खूप वाद झालेत. माझं मत: रिअलिस्टिक ठेवा. पण सर्व्हिस (मधे थांबून गाडी दुरुस्त करायची सोय) आणि सुपररॅली (बाद झालेल्याला वेळेचा दंड घेऊन परत येण्याची मुभा) देणार नसाल तर ठेवू नका.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सर्किटवरच्या शर्यतीत सगळे एकत्र धावतात, मागून येणारा ठोकतो आणि गाडी आपली जाते, म्हणून तिथे डॅमेज कमी ठेवणं रास्त आहे. रॅलीत स्टेजवर, म्हणजे वेळ मोजला जाणाऱ्या रस्त्याच्या तुकड्यावर, आपण एकटेच असतो. जो तो आपापल्या घरी, आपल्या सवडीने स्टेज चालवतो आणि शेवटी फक्त वेळा ताडून बघतात. दगडावर चाक गेलं तर ते दुसऱ्या कुणी नेलेलं नसतं. मग त्याची किंमत कमी का करायची?

रिड्यूस्डमध्ये गाडी मोडतच नाही असं नाही, पण बरेच धक्के पचतात. आणि हे एकदा कळलं की चालवण्याची पद्धतच बदलते. हेअरपिनला (एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला) मागचा भाग बांधावर टेकवून गाडी वळवायची, आतल्या बाजूचा चर बिनधास्त कापायचा, जंपवर पाय उचलायचाच नाही. पुढची वळणं वाचून सांगणारा को-ड्रायव्हर ‘डोन्ट कट’ (वळण आतून कापू नको) ओरडत असतो आणि कुणी ऐकत नाही, कारण कापलं तर वेळ वाचतो आणि गाडीला फारसं काही होत नाही. मग टाइमशीटवर वरचा नंबर त्याचा, जो जास्त आपटायला तयार आहे. मला हे मनापासून खटकतं.

रिअलिस्टिकमध्ये तोच को-ड्रायव्हर एकदम महत्त्वाचा होतो. समजा पुढून बांधाला थोडं घासलं. काही वेळ काहीच जाणवत नाही. मग पाण्याचं तापमान चढायला लागतं, ताकद कमी होते आणि पाय काढला नाही तर इंजिन बसतं. सोलापूरच्या मे महिन्यात ज्याने गाडीचा काटा लालकडे सरकताना पाहिलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्यातला एक जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ गॅरेजमध्ये काम करतो. वेगात तो मधल्या फळीतला, पण रॅली पूर्ण करणाऱ्यांत हमखास असतो, कारण इंजिनचा आवाज बदलला की लगेच गिअर वर टाकून गाडी जपत नेतो. तसंच सस्पेन्शन वाकलं की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. पुढची सर्व्हिस दोन स्टेजनंतर असेल तर आता जोर लावायचा की गाडी सांभाळायची, हा निर्णय म्हणजेच रॅली.

खऱ्या रॅलीतही अजिंक्यपदं अशीच ठरली आहेत. १९९८च्या ग्रेट ब्रिटन रॅलीत ड्रायव्हर टॉमी मॅकिनेनच्या गाडीचं मागचं चाक काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळून तुटलं आणि तो बाद झाला. जगज्जेतेपद त्याचा प्रतिस्पर्धी कार्लोस सैंझच्या हातात आल्यासारखंच होतं. शेवटच्या स्टेजवर, फिनिश काहीशे मीटरवर असताना, सैंझच्या टोयोटा कोरोलाचं इंजिन गेलं आणि विजेतेपद पुन्हा मॅकिनेनकडे गेलं. डॅमेज बाजूला काढलात तर या गोष्टीत उरतं काय?

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मला पटतो. खुर्चीत बसून चालवताना शरीराला काही कळत नाही. खऱ्या गाडीत खालून दणका बसला की पाठीला समजतं आणि माणूस आपोआप हळू होतो. इथे फक्त आवाज आणि स्टिअरिंगमधून येणारा जोर. त्यामुळे नवीन मुलगा पहिल्याच झाडाला बाद होतो आणि आठवडाभर नुसता इतरांचे निकाल बघत बसतो. असे दोनतीन जण गळाले की ग्रुप मोडतो.

म्हणूनच सुपररॅली. २०१५च्या मेक्सिको रॅलीत ड्रायव्हर ओट टानाकची फोर्ड फिएस्टा तलावात बुडाली होती. ती बाहेर काढली, टीमने दुरुस्त केली आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. वर्ल्ड रॅलीत वेळेचा दंड घेऊन परत येता येतं, तर तुमच्या मित्रांनाही येऊ द्या. आमच्याकडे याचा आणखी एक फायदा आहे: ऐन स्टेजमध्ये वीज गेली तरी त्या माणसाची अख्खी रॅली वाया जात नाही.

एकाच स्टेजची झटपट स्पर्धा असेल, किंवा बहुतेक जण कीबोर्डवर खेळत असतील, तर रिड्यूस्ड खुशाल ठेवा. बाकी वेळी दर दोन-तीन स्टेजनंतर सर्व्हिस द्या. गेममधले मेकॅनिक सुरुवातीला अनुभवी ठेवा, वेळ मात्र मोजकाच, म्हणजे आधी रेडिएटर की सस्पेन्शन हे प्रत्येकाला ठरवावं लागेल. ग्रुप मुरला की मेकॅनिकचा दर्जा एक पायरी खाली आणा. आणि पहिल्या रॅलीसाठी दोन्ही बाजूंना झाडं असलेल्या अरुंद स्टेज निवडू नका. मोकळ्या, रुंद ग्रॅव्हलवर (खडीच्या कच्च्या रस्त्यावर) सुरुवात करा.