रात्रीत विरघळणारा बीजस्फटिक

प्रश्न : माझी मुलगी आठवीत शिकते. या पावसाळ्यात तिने कढत पाण्यात तुरटी विरघळवली आणि पाणी कोमट असतानाच त्यात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा लहान स्फटिक सोडला. सकाळी दोरा रिकामा होता. दुसऱ्या खेपेला भरपूर तुरटी घालून पेला बर्फात ठेवला, तेव्हा दोऱ्यावर आणि तळाशी बारीक स्फटिकांचा थर बसून मूळ स्फटिक त्यातच हरवला. मिठाचा प्रयोग तर तीन आठवडे जसाच्या तसा आहे. कुळागरातील (सुपारीच्या बागेतील) फवारणीसाठी आणलेला मोरचूद वापरू का, असेही ती विचारते.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या मुलीच्या दोन्ही चुका एकमेकींच्या उलट आहेत. 100 मिलिलिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 14 ग्रॅम तुरटी विरघळते, तर 50 अंशांना जवळजवळ 37 ग्रॅम. कोमट द्रावणात आणखी तुरटी मावत होती, म्हणून त्याने बीजच, म्हणजे दोऱ्याचा लहान स्फटिकच, विरघळवून घेतले. याउलट फार दाट द्रावण झटपट थंड केले की जादा तुरटी एका बीजावर सावकाश बसत नाही. धुळीचा कण, सुती दोऱ्याचे तंतू, काचेवरचा ओरखडा, जिथे आधार मिळेल तिथे नवे स्फटिक धरतात.

म्हणून कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवून भांडे झाकून दिवसभर ठेवावे. तळाशी स्फटिक जमले, म्हणजे वरचे पाणी संपृक्त झाले, त्यात आणखी तुरटी मावत नाही. त्यांतला चारपाच मिलिमीटरचा, स्वच्छ आणि अष्टफलकी (आठ सपाट बाजूंचा) स्फटिक बीज म्हणून निवडावा व गरीला लावतात त्या बारीक नायलॉनच्या धाग्याला बांधावा. वरचे पाणी फडक्यातून गाळून, त्यात चिमूटभर तुरटी घालून थोडे गरम करावे, आणि ते पूर्णपणे निवल्यावरच बीज सोडावे. मी स्वतः या शेवटच्या अटीला सर्वांत अधिक महत्त्व देतो. पेला उजेडासमोर धरून बीजाभोवती निरखून पाहावे : पाण्यात तेलकट रेघा खाली उतरत असतील तर बीज विरघळत आहे, कारण त्याच्याभोवतीचे पाणी जड होत आहे, त्या वर चढत असतील तर बीज वाढत आहे. हे दृश्य मुलीला अवश्य दाखवावे.

आपल्याकडील पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, ही तुरटीसाठी सोयीचीच गोष्ट आहे. मात्र दमट हवेत पाणी फार हळू आटते, त्यामुळे आटण्यावर विसंबू नये. दर दोनतीन दिवसांनी स्फटिक बाहेर काढून टिपून ठेवावा, द्रावणात पुन्हा थोडी तुरटी विरघळवावी, ते निवू द्यावे आणि स्फटिक परत सोडावा.

मोरचुदाचे निळे स्फटिक सुरेख होतात, परंतु तो विषारी असल्याने आठवीतल्या मुलीच्या हाती एकटीने देऊ नये.

मिठाची गोष्ट वेगळी आहे. 100 मिलिलिटर पाण्यात ते 25 अंशांना सुमारे 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 39 ग्रॅम विरघळते, त्यामुळे द्रावण निववून फारसे काही हाती लागत नाही. पाणी आटावेच लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर असली, तर मीठ उलट हवेतले पाणी ओढून घेते. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरेसुद्धा पावसाळ्यात पिकत नाहीत. तोच पेला जानेवारीत, पातळ फडक्याने झाकून, वाऱ्याच्या जागी ठेवावा.