वडिलांचं अपंगत्व २० टक्के लिहिलंय, तरी लष्करी पेन्शनचा अपंगत्वाचा भाग नाकारला. हे ठरतं कसं?

टक्क्यांवर ठरत नाही म्हणून. २० टक्के हा नुसता उंबरठा. पुढचा प्रश्न असा की आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीने वाढला का. तुमच्या वडिलांच्या रक्तदाबापुढे मेडिकल बोर्डाने 'दोन्ही नाही' लिहिलं, तिथेच फाइल बसली.

मी तोफखान्यात क्लार्क होतो, आता ग्वाल्हेरला लष्करात राहतो (शहराचा भाग हो, पलटण केव्हाच सुटली). मागे शेजारचे सुभेदारसाहेब असेच कागद घेऊन आले. रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीच्या वेळी तपासणी करतं ते) फॉर्मवर कारणाच्या जागी एकच ओळ: पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरू झाला, सेवेशी संबंध नाही. त्याआधीची काश्मीरची दोन पोस्टिंगं त्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर होती. पान उलटायचे कष्ट कोण घेतो!

सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात हेच धरलं. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असं मानायचं. बोर्डाला तसं वाटत नसेल तर त्याने कारणं द्यायची. जवानाने सिद्ध करत बसायचं नाही. म्हणून आधी रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाची पूर्ण प्रत आणि भरतीच्या मेडिकलचा कागद मागवा. नुसतं नकाराचं पत्र घेऊन वकिलाकडे जाऊ नका.

दुखापत असती तर गोष्ट वेगळी: ड्यूटीवर होते का, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या चौकशीत, काय आलं, हे बघतात.

पहिलं अपील ६ महिन्यांत, मग दुसरं, मग सशस्त्र दलांचं ट्रायब्युनल. मध्य प्रदेशाचं खंडपीठ जबलपूरला आहे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण थकबाकी बहुधा अर्जाच्या मागच्या ३ वर्षांचीच मिळते. आणि '२० टक्क्यांत काय मिळणार' म्हणून सोडू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालापासून पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही २० चे ५० धरतात, म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के.

फक्त एक सांगा, वडील निवृत्त कधी झाले? २१ सप्टेंबर २०२३ नंतर असेल तर नवे नियम लागतात आणि वरचं बरंचसं बदलतं.